काकांची बुलेट फुकटात धरू नका

पत्र कोल्हापुरातल्या 29 वर्षांच्या एका वाचकाचं आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर जॉब लावणारे), हातात 34,000 येतात. घरी 12,000 देतात, 5,000 ची भिशी, 3,000 ची एसआयपी, वरखर्च जाऊन महिन्याला आठेक हजार शिल्लक राहतात. साठवलेले 3,10,000, त्यातले 2,00,000 पतसंस्थेत, 1,10,000 बँकेच्या ठेवीत. पुढच्या वर्षी लग्न. रोजच्या कामाला 2016 ची स्प्लेंडर आहे. शिरोळ तालुक्यातल्या गावी, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या काकांची 1994 ची बुलेट शेडमध्ये उभी आहे आणि तिची बॉबर (मागचं कापून, सिंगल सीट लावून आखूड केलेली गाडी) करायचं यांच्या मनात आहे. गॅरेजवाल्यानं 1,45,000 सांगितलेत, वरचे किरकोळ 20,000 यांनी धरलेत. नवी 350 सीसी गाडी घेतली तर ऑन-रोड 2,30,000 पडते. ‘म्हणजे 65,000 वाचतात. ठेव मोडून बॉबर करू का? वडील म्हणतात भंगारात पैसे घालू नकोस.’

तुमचा हिशेब नीटनेटका आहे, पण त्यातली एक मोठी रक्कम गळलीय, आणि ती तुम्हीच पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीय: गावातल्या एकानं ही बुलेट आहे तशी 70,000 ला मागितली होती. मग बॉबरच्या रकान्यात काकांच्या गाडीपुढं शून्य कसं? जी वस्तू उद्या विकून 70,000 हातात येऊ शकतात, ती कापून वापरली तर ते 70,000 खर्चच झाले. 1,65,000 मध्ये मिळवा. 2,35,000 झाले. शोरूमच्या गाडीपेक्षा तुमची ‘स्वस्त’ बॉबर 5,000 नं महाग निघाली, आणि अजून इंजिन उघडलेलंही नाही.

इंजिन उघडण्याआधी सांगितलेला आकडा हा अंदाज असतो, कोटेशन नव्हे. तुम्ही मशिनवर काम करता, तुम्हाला हे मी सांगायला नको. जॉब हातात घेतल्याशिवाय तुमचा मालक तरी पार्टीला रेट देतो का? त्यातून गाडी शिरोळ तालुक्यात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही महापुरांत ती शेड कुठं होती, पाणी किती चढलं, हे आधी घरच्यांना विचारा. पाण्यात बसलेलं इंजिन बाहेरून पुसलं की चांगलंच दिसतं. गॅरेजला एक रुपया ॲडव्हान्स द्यायच्या आधी खालचा ड्रेन प्लग खोलून ऑइल पाहा. इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं, दोन्हीकडचं. चहासारखं दुधाळ आलं तर पाणी आत गेलंय आणि बेअरिंगला गंज धरलेला असणार. मग सिलिंडर उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड हातानं वर-खाली हलवून बघायचा. बाजूला थोडा खेळ चालतो. वर-खाली लागला तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलाय, क्रँक खोलून प्रेसवर दुरुस्त करावा लागणार. तुमच्या यादीत इंजिनला 48,000 लिहिलेत. ते क्रँक धरून की नुसतं बोअर-पिस्टन आणि व्हॉल्व्ह, हे गॅरेजवाल्याकडून लिहून घ्या. इंजिनच्या रकमेवर एक चतुर्थांश जादा धरल्याशिवाय जुन्या गाडीच्या कामात हात घालू नये, असं माझं मत आहे.

‘मजुरी माझी, त्यामुळं बरंच वाचेल’ हेही तुम्ही लिहिलंय. काही प्रमाणात खरं आहे. कोल्हापुरात हा फायदा आहेच: उद्यमनगरात एका गल्लीत टर्निंग, दुसरीत बफिंग, पलीकडं पावडर कोटिंग, आणि तुम्ही स्वतः कारागीर. स्पेसर, फूटरेस्टचे ब्रॅकेट, हँडलचे क्लॅम्प तुम्ही ईएन-8 पोलादातून रविवारी काढाल (मालकाला विचारून काढा, स्क्रॅपच्या तुकड्यावरून नोकरीत वाकडं नको). पण ॲक्सल, फोर्कचे योक (पुढचे फोर्क धरून ठेवणारे जोड) आणि ब्रेकचं काहीही घरगुती करू नका. रविवारचा वेळ मी हिशेबात धरत नाही, नादाला तास लावायचे नसतात. फक्त कारखान्यात ऑर्डर वाढल्यावर ओव्हरटाइम नाकारून गॅरेजला जाऊ लागलात, तर तो मात्र धरा. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे.

आता कागद. वडिलांना भंगाराची काळजी आहे, मला जास्त काळजी याची वाटते.

गाडी अजून काकांच्याच नावावर आहे. म्हणजे ती तुमची नाही, काकांच्या वारसांची आहे: चुलती आणि तुमचा पुण्याचा चुलतभाऊ. ‘काकू नाही म्हणणार नाहीत’ हे मला मान्य आहे, पण आरटीओला कागद लागतो. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म 31, एवढं करून गाडी आधी तुमच्या नावावर येऊ दे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 1994 च्या गाडीचं शेवटचं नूतनीकरण कधी झालं हे आरसीवर (नोंदणीपत्रावर) पाहा, कारण राहून गेलं असेल तर दुचाकीला उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे 300 रुपये जादा शुल्क लागतं आणि ते एप्रिल 2022 पासून साचत येतं. वर पर्यावरण कर, तपासणी, नवी एचएसआरपी पाटी (सुरक्षा नंबरप्लेट). ताराबाई पार्कातल्या आरटीओत जाऊन एकूण किती भरायचे याचा आकडा आधी काढा, तुमच्या 20,000 च्या ‘किरकोळ’मधला काही भाग इथंच जाईल. गॅरेजवाला ‘विंटेजमध्ये टाकू, काही त्रास नाही’ म्हणाला असेल तर त्याचं ऐकू नका. विंटेजला गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी लागते, तुमची त्याच्या जवळपासही नाही.

नाव लागलं, नोंदणी जिवंत झाली असं धरू. मग तुम्ही तिची बॉबर करणार: फ्रेमचा मागचा लूप कापणार, मडगार्ड अर्धं, सिंगल सीट, जाड टायर, लहान सायलेन्सर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी आणि आरसीशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठाम केलं, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. दंड ‘प्रत्येक बदलाला’ आहे, गाडीला एकदा असा नाही. आरसीवर बसणारे 2 आणि गाडीवर सीट एक, हे हवालदाराला लांबूनही दिसतं. साधा रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. रस्त्यावर अशा गाड्या फिरतात, मलाही दिसतात. त्या फिरतात म्हणून तुमचे दीड-पावणेदोन लाख सुरक्षित होत नाहीत.

विम्याचं त्याहून वाईट. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्यात ठरते, आणि तुमच्या क्रोम-पेंटचे पैसे त्यात धरून घ्यायला कंपनी सहज तयार होत नाही. बदल न कळवता थर्ड पार्टी विमा काढला आणि गगनबावड्याच्या घाटात कुणाला धडक बसली, तर कापलेल्या फ्रेमचा मुद्दा काढून कंपनी भरपाईची वसुली तुमच्याकडं मागू शकते. तो आकडा गाडीच्या किमतीत बसणारा नसतो.

म्हणून नवी घ्या, असं मात्र मी म्हणत नाही. शोरूमच्या गाडीचाही हिशेब करू. समजा 80,000 रोख आणि 1,50,000 कर्ज, 11 टक्क्यांनी तीन वर्षं. हप्ता 4,900 च्या आसपास, एकूण व्याज जवळपास 27,000. तुमच्या आठ हजारांच्या शिल्लकेतले पाच तिकडं गेले की लग्नाला महिन्याला तीन हजार उरतात. आणि ते 80,000 कुठून आणणार? बँकेच्या ठेवीतून. ती ठेव म्हणजे नोकरी गेली किंवा घरात कुणी आजारी पडलं तर पाच-सहा महिने तरायचा पैसा, तिला गाडीसाठी हात लावायचा नाही. रोज दहा-बारा किलोमीटर जायला स्प्लेंडर चालू स्थितीत असताना लग्नाच्या वर्षी नवी गाडी कशाला? लग्न झाल्यावर, दोघांच्या मिळकतीचं चित्र स्पष्ट झाल्यावर घ्या. तोवर बॉबरचंच वेड कायम राहिलं तर आता कारखान्यातून तयार बॉबरही मिळतात: जावाची 42 बॉबर आहे, रॉयल एनफिल्डनं नोव्हेंबर 2024 मध्ये गोअन क्लासिक 350 आणली. सिंगल सीटचा दिमाख तोच, आणि मान्यता घेऊन आलेली असल्यानं आरसी, विमा, कर्ज सगळं सरळ. फक्त 350 सीसीच्या वर जाऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंतच्या गाडीला जीएसटी 18 टक्के झाला आणि त्यावरच्या गाडीला 40. एवढा कर भरून पन्हाळ्याला लवकर पोचता येत नाही.

मग काकांच्या गाडीचं काय? ती करा, पण बॉबर करू नका. जशी 1994 मध्ये कारखान्यातून आली तशी करा. मूळ फ्रेम, मूळ टाकी, दोन सीट, उजव्या पायाचा गिअर, हेडलाइटपाशी तो ॲमीटर. कागद पूर्ण असलेली, मूळ रूपातली जुन्या इंजिनाची बुलेट घ्यायला कोल्हापुरात माणसं उभी आहेत. बॉबर विकायला मात्र तुमच्याच आवडीचा आणि तुमच्याच उंचीचा गिऱ्हाईक शोधावा लागेल. गॅरेजच्या यादीतलं फ्रेमकाम आणि रुंद चाकं मिळून 42,000 चं आहे, ते गळालं. उरले 1,03,000, म्हणजे इंजिन 48,000, टाकी-मडगार्ड-सीट-रंग 35,000, वायरिंग आणि दिवे 20,000. इंजिनवर जादा 12,000 धरले की 1,15,000. कागदपत्रांसह सगळं मिळून 1,20,000 ही तुमची मर्यादा. जास्त लागतंय असं दिसलं तर क्रोम सोडा, ब्रेक-टायर सोडू नका.

पैसा कुठून, तर भिशीतून. वीस जणांची पाच हजारांची भिशी, तुमचा नंबर अजून लागलेला नाही, म्हणजे एक लाख यायचे आहेत. हीच गाडीची पिशवी. नंबर लागेपर्यंत नावाचं आणि आरटीओचं काम होईल, तो खर्च पगारातून थोडा थोडा भागेल. वैयक्तिक कर्ज नाही, सोनंतारण नाही, क्रेडिट कार्डावर पार्ट मागवणं नाही. या गाडीवर वाहनकर्ज कुणी देणार नाही आणि तेच बरं आहे. 70,000 धरले तर तुमची बुलेट 1,90,000 ची झाली, हेही वहीत लिहा. त्यात बचत शोधू नका. हा नादाचा खर्च आहे आणि तुमच्या वयात, हप्ते नसताना, तो परवडतो.

जाता जाता एक, तुम्ही विचारलं नव्हतं तरी. लग्नाचे 2,00,000 पतसंस्थेत आहेत. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. तुमची संस्था चांगली असेलही. तरी मुदत संपली की रक्कम बँकेत हलवा. एक टक्का जास्त व्याजासाठी लग्नाचा पैसा तिथं ठेवण्यात अर्थ नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. या रविवारी काकूंकडं जाऊन गाडीबद्दल सरळ बोला, चुलतभावालाही फोन लावा. त्याला हिस्सा हवा असेल तर आत्ताच कळू दे, रंग मारून झाल्यावर नको. त्यांचा होकार आला की ऑइल उतरवून पाहा. मग नाव, मग नोंदणी, आणि भिशी लागल्यावर इंजिन उघडायचं. गॅरेजवाल्याशी नुसत्या उघडण्याचे पैसे वेगळे ठरवा, म्हणजे पुढचं काम त्यालाच द्यायची सक्ती उरत नाही. क्रँककेस तडकलेली निघाली किंवा आकडा मर्यादेबाहेर जायला लागला, तर तिथंच थांबा आणि त्या सत्तर हजारवाल्याला फोन करा. उघडलेल्या इंजिनाला तो भाव कमी करून मागेल, पन्नास म्हणाला तरी द्या. नावावर आलेली, नोंदणी चालू असलेली गाडी असल्यानं घासाघीस करायला तुमच्या हातात काहीतरी असेल. आलेल्या पैशात काकूंचा वाटा आधी काढा.