अपक्ष उभं राहण्याआधी

प्रिय मित्रा,

‘पक्ष हीच लोकशाहीला लागलेली कीड’ असं तू लिहितोस. राग कळतो, पण तो जुना आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली निरोप घेताना पक्षबाजीविरुद्ध इशारा दिला, तोवर त्यांच्याच मंत्रिमंडळातले हॅमिल्टन आणि जेफरसन दोन तट बांधून बसले होते. क्रांतिकारक आणि विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांनी तर १९४८ मध्ये स्वतःचाच पक्ष विसर्जित केला. रॉय मला फार मोठे वाटतात, तरी इथे त्यांच्यामागे जाववत नाही.

पक्ष उठवले की त्यांची जागा रिकामी राहत नाही. पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांनी १९८५ ची निवडणूक पक्षांविना घेतली. मतदारापुढे ना जाहीरनामा, ना धोरण. मग उरलं काय? जमीनदारी, बिरादरी आणि पैसा. वर निवडून आलेले बरेचसे सभागृहात गेल्यावर मुस्लिम लीगच्या नावाखाली एकत्र आलेच! नेपाळमध्ये राजे महेंद्र यांनी १९६० साली निवडून आलेलं सरकार बरखास्त करून पक्षांवर बंदी घातली. ती ‘पक्षविरहित’ पंचायत राजवट १९९० पर्यंत टिकली. पक्षांचा तिटकारा राजांना आणि सेनापतींना तुझ्याहून जास्त असतो, एवढं ध्यानात ठेव.

शिवाय जाब कुणाला विचारणार? एकटा निवडून आलेला माणूस ‘मी विरोधात मत दिलं होतं’ म्हणून सुटतो. कारभार फसला तर पक्षाला तसं सुटता येत नाही.

तरीही पक्ष नासतात, आणि ते आतून नासतात. भारतातला १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा घोडेबाजार रोखायला आला. परिणाम असा की व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाबाबतच्या पक्षादेशाविरुद्ध, मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये २०१९ साली ब्रेक्झिटवरून हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षानं त्यांना संसदीय गटातून काढलं, पण खासदारकीला हात लागला नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

त्याच हुजूर पक्षानं १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांना पायउतार व्हायला लावलं. सलग तीन निवडणुका जिंकलेली पंतप्रधान, आणि तिला घालवणारे विरोधक नव्हेत, तिचेच खासदार. त्याच वर्षी पेरूमध्ये आल्बेर्तो फुजिमोरी निवडून आले, नुकत्याच उभ्या केलेल्या, सर्वस्वी त्यांच्याच नावावर चालणाऱ्या पक्षाच्या बळावर. दोन वर्षांत त्यांनी लष्कराच्या मदतीनं संसद बरखास्त केली. त्यांना आवरेल असं त्यांच्या पक्षात कुणी नव्हतं.

म्हणून एखाद्या पक्षाच्या दारात गेलास तर जाहीरनामा नंतर वाच. तिकीट कोण ठरवतं ते आधी विचार. अध्यक्षपदासाठी शेवटची खरी लढत कधी झाली, आणि हरलेला माणूस आज पक्षात कुठे आहे, हेही विचार. जर्मनीच्या राज्यघटनेनं पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरूनच असावी असं २१व्या कलमात बजावलंय, ते उगाच नाही. ‘साहेब ठरवतील’ एवढंच उत्तर मिळालं तर चहा पिऊन परत ये.

आणि अपक्षच उभं राहायचं असेल तर खुशाल राहा. फक्त तुझ्या पहिल्या विधेयकाला दुसरं मत कुठून आणणार आहेस, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
काका