आवाज येतोय का?

“तासाला साठ मुलं जॉइन होतात, पण कॅमेरा एकाचाही चालू नसतो. प्रश्न विचारला की सगळं चिडीचूप. शेवटी उत्तर मीच देते आणि पुढे सरकते. माझं शिकवणं संपलं का हो?”

करोनाच्या दोन वर्षांत समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या प्राध्यापकांकडून ऐकला, की पुढेपुढे फोनवरच्या पहिल्या दोन वाक्यांतच तो ओळखू यायला लागला. महाविद्यालयं उघडून बराच काळ झाला, तरी तो थांबलेला नाही. काही विषयांचे तास अजून ऑनलाइन होतात, बाहेरगावच्या मुलांसाठी जादा तास घेतले जातात आणि ते काळे चौकोन पुन्हा समोर येतात. म्हणून त्या काळातल्या एका बाईंबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतात. पहिला फोन आला २०२० च्या ऑगस्टच्या सुरुवातीला. शिकवण्यात पंचवीस वर्षं गेलेली. “सकाळी साडेदहाची लिंक टाकायची वेळ आली की पोटात गोळा येतो. रात्री अडीचला जाग येते, मग झोप नाही. घशाला काही झालेलं नसताना आवाज बसतो,” त्या सांगत होत्या. पुढचं वाक्य बोलताना त्या अडखळल्या. “मुलं मला कंटाळलीत, ताई. वर्गात ती भीड म्हणून बसायची, हे आता कळतंय.”

मी त्यांना विचारलं, “असं एखादा मुलगा म्हणाला का?”

“म्हणायला कशाला हवं? दिसतंय ना.”

दिसत तर काहीच नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. वर्गात शिकवताना शिक्षकाला दर मिनिटाला शंभर खुणा मिळत असतात. एखादीची मान हलते, वहीचं पान उलटलं जातं, मागच्या बाकावर कुजबुज होते, कुणाच्या कपाळावर आठी पडते. त्या खुणांवर आपण वेग कमीजास्त करतो, उदाहरण बदलतो, आणि हे करतोय याचं भानही नसतं. एका दिवसात त्या सगळ्या खुणा गेल्या. अशी मोकळी जागा मन मोकळी ठेवत नाही. आपल्याला ज्याची सर्वांत जास्त भीती असते, तेच तिथे आणून बसवतं.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना एकच काम दिलं. वहीच्या पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे तासाला प्रत्यक्ष काय घडलं ते लिहायचं, उजवीकडे त्यावरून आपण काय समजलो ते. तीन तासांची पानं त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली. डावीकडे होतं, “मागणीची लवचिकता म्हणजे काय, असं विचारलं. कुणी बोललं नाही.” उजवीकडे, “कुणी ऐकतच नव्हतं.” डावीकडे, “तेरा जण मध्येच बाहेर पडले.” उजवीकडे, “मी रटाळ आहे.” आणखी एक नोंद त्यांनी आपणहून केली होती. पाऊण तासात त्यांनी नऊ वेळा विचारलं होतं, “आवाज येतोय का?”

त्या नऊ वेळांवर आम्ही बराच वेळ बोललो. आवाज जात होता हे त्यांना माहीत होतं, चॅटमध्ये दरवेळी “येस मॅडम” येत होतं. तरी पुन्हा विचारावंसं का वाटत होतं, हे त्यांचं त्यांनाच सापडलं. म्हणाल्या, “मी आहे का, असं विचारत होते मी.” आणि गप्प झाल्या. मीही गप्प राहिले.

माझंही सगळं काम तेव्हा फोनवरच चाललं होतं. समोरचं माणूस गप्प झालं, की ते रडतंय, विचार करतंय की रेंज गेली, हे मलाही कळत नसे. म्हणून मी थेट विचारायला शिकले होते, “आत्ता शांत आहात, ते विचार करताय की थांबूया?” हाच प्रश्न पुढे त्यांच्या वर्गात कामाला आला. त्यांनी मुलांना तीन आकडे ठरवून दिले. विचार करतोय तर चॅटमध्ये १, कळलं नाही तर २, रेंज जातेय तर ३. पहिल्याच दिवशी अठरा ‘२’ आले. त्यांना आधी वाईट वाटलं. मी म्हणाले, अठरा मुलांनी तुम्हाला खरं सांगितलंय.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दलही सांगायला हवं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. ती वाट तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात, आणि जास्त मुलं बोलायला लागतात. हे झालं समोरासमोरच्या वर्गाचं. ऑनलाइन तासाला मुलाने म्यूट काढायचा, शेजारी टीव्ही चालू असेल तर उठून बाजूला जायचं, त्यात रेंजचा उशीर. तीन सेकंद कुठे पुरणार? बाईंना मी मनात वीस आकडे मोजायला सांगितलं. “वीस म्हणजे युग वाटतं हो,” त्या म्हणाल्या. वाटतंच. पण मोजायचे.

यानंतरचा टप्पा त्यांना सर्वांत जड गेला. मी म्हणाले, दहाबारा मुलांना फोन करा. ‘तासाला का येत नाहीस’ हे विचारायचं नाही. तासाच्या वेळी कुठे असतोस, फोन कुणाचा आहे आणि अडतं कुठे, एवढंच विचारायचं.

त्यांनी आठवडाभर टाळलं. “मी त्यांची शिक्षिका आहे. फोन केला तर विनवण्या केल्यासारखं होईल,” म्हणाल्या. त्यांच्या पिढीच्या शिक्षकांना हे किती अवघड जातं, ते मला ठाऊक आहे. वर्गात पाऊल टाकलं की मुलं उभी राहतात, यात पंचवीस वर्षं गेलेली असतात. मी घाई केली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी अकरा जणांना फोन लावले.

त्या दिवशीचं बोलणं दीड तास चाललं. एक मुलगी सकाळी कांद्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये असते, माल निवडायला मजूर नाहीत. घरात फोन एकच, तो वडिलांसोबत बाजार समितीत जातो आणि दुपारनंतर परत येतो. दुसरीच्या घरी फोन आहे, पण धाकटा भाऊ दहावीला, त्याचा तास आधी. तिघं जण रेंजसाठी गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसतात. पाऊस आला की घरी. एकाच्या वडिलांचं काम सुटलं, तो आता कंपनीत लागलाय आणि जेवणाच्या सुट्टीत मित्राच्या वह्यांचे फोटो बघतो. एकीने कॅमेऱ्याचं कारण फार हळू आवाजात सांगितलं, “मॅडम, एका खोलीत आम्ही सात जण. मागे सगळं दिसतं.”

अकराव्या मुलाची अडचण यांपैकी कोणतीच नव्हती. फोन त्याचा, रेंज पूर्ण. तो म्हणाला होता, “मॅडम, रागावू नका. वर्गात तुम्ही फिरून समजवायच्या. आता तुम्ही वाचून दाखवता.”

हे सांगताना त्यांचा आवाज पार उतरला. त्या मुलाची समजूत चुकीची आहे असं म्हणून मी त्यांना दिलासा देऊ शकले असते. दिला नाही, कारण तो खरं बोलत होता. चेहरे दिसेनात तेव्हा बाईंनी स्लाइडचा आधार घेतला होता, आणि हळूहळू त्या स्लाइडलाच शिकवत होत्या. दहा मुलांच्या अडचणींवरून ‘तुमचा काही दोष नाही’ असं म्हणणं सोपं होतं. पण शिकवण्यावर जीव असलेल्या माणसाला अकरावं उत्तर हवं असतं, आणि ते पेलण्याची ताकदही त्याच्यात असते. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं. मला कंटाळा मुलांचा आला नव्हता. मलाच माझा आला होता.”

आधी आम्ही शरीराकडे पाहिलं. पाऊण तास खुर्चीत बसून त्या स्वतःचाच चेहरा समोर बघत होत्या. रोज, चार-चार तास. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली: चेहरे फार जवळून सतत आपल्याकडे बघत असणं, स्वतःलाही सतत बघत राहणं, एका जागी जखडून बसणं आणि हावभावांची कसर भरून काढताना मेंदूवर येणारा ताण. बाईंचा थकवा ऐकताना यातलं बरंच काही आमच्यासमोर आधीच आलं होतं. त्यांनी पडद्यावरचा स्वतःचा चौकोन बंद केला, फोन कपाटावर ठेवला आणि उभं राहून शिकवायला सुरुवात केली. आवाज बसणं पंधरवड्यात कमी झालं.

मग त्यांनी तासाची मोडणीच बदलली. ते डोकं त्यांचं. मी फक्त विचारत राहिले. पाऊण तासाचं व्याख्यान त्यांनी बारा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात बसवलं. एक संकल्पना, एक उदाहरण आणि शेवटी एक प्रश्न. ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचं. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर अख्खं घर चालत असेल, तर पाऊण तासाचा व्हिडिओ म्हणजे चैन आहे. आवाजाची फाइल दोन-तीन एमबीत येते, आणि चाळीत कांदे निवडताना ऐकता येते. ऑनलाइन थेट भेटायचं ते आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसातला, फक्त अर्धा तास, फोन घरी परत आल्यावर. त्या अर्ध्या तासात नवीन काही शिकवायचं नाही.

महाविद्यालयाला मात्र रोजच्या हजेरीचा स्क्रीनशॉट हवा होता. चौकोन मोजून शिक्षण मोजता येतं, हे मला कधीच पटलं नाही आणि त्यापायी किती शिक्षक झिजले ते मी पाहिलं आहे. बाईंनी विभागप्रमुखांशी बोलून निम्म्या तासांपुरती सूट मिळवली. उरलेले तास जुन्याच पद्धतीने घ्यावे लागले.

आणि मग १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यात त्या आठवड्यात घराघरात दुसरा विषय नव्हता. बाईंनी ग्रुपवर प्रश्न टाकला, “कांदा दुप्पट महाग झाला तर तुमच्या घरी किती कमी लागेल? आईला विचारून आकडा सांगा.” चाळीसएक उत्तरं आली. बहुतेक घरांत पाव-अर्धा किलोपलीकडे फरक पडत नव्हता. संध्याकाळच्या अर्ध्या तासात त्यांनी ते आकडे समोर ठेवले. भाव एवढा चढूनही मागणी थोडीच घटते, म्हणजे ती अलवचिक. आता हेच उलटं करा. पीक अमाप आलं, देशातच अडकलं, तर लोक दुप्पट कांदा खाणार आहेत का? नाही. मग तेवढा माल खपायला भाव किती खाली यावा लागेल?

चाळीत काम करणाऱ्या मुलीची व्हॉइस नोट रात्री दहाला आली. बाईंनी ती मला जशीच्या तशी सांगितली, “मॅडम, म्हणजे जास्त पिकलं की बाप हरतो, ते हेच ना?”

“पंचवीस वर्षं मी लवचिकतेची आकृती फळ्यावर काढली,” बाई म्हणाल्या, “हे वाक्य मला कुणी दिलं नव्हतं.”

सगळंच जमलं असं नाही. पाच-पाच मुलांचे गट केले होते, त्यातले निम्मे महिन्याभरात विरले. आणि जिचा भाऊ दहावीला होता, त्या मुलीचा फोन नोव्हेंबरात लागेनासा झाला. तिचं लग्न झाल्याचं मैत्रिणीकडून कळलं. त्यानंतरच्या आमच्या दोन भेटी फक्त तिच्याबद्दल होत्या. ‘मी आधी फोन केला असता तर’ हे बाईंच्या मनातून जात नव्हतं. तिथे मी कसलंही तंत्र वापरलं नाही. हुशार मुलगी वर्गातून गेली याचं दुःख शिक्षकाला होणारच, आणि ते आजार समजून घालवायचं नसतं. साथीच्या काळात घरांवर जे कोसळलं, ते एका शिक्षिकेच्या बारा मिनिटांनी पेलणारं नव्हतं, एवढं आम्ही दोघी एकमेकींना सांगत राहिलो.

आज माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन कुणी आलं, तर मी आधी झोपेची चौकशी करते. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्याचाच कंटाळा वाटत असेल, तर शिकवण्याची पद्धत बदलत बसू नका. आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. झोप शाबूत असेल आणि फक्त मन खट्टू असेल, तर वहीत ती उभी रेघ मारा आणि अकरा फोन लावा. अकरावं उत्तर मनाला लागेल, पण पहिली दहा ऐकल्याशिवाय ते नीट ऐकू येत नाही.

बाईंचा शेवटचा ठरलेला फोन जानेवारीत झाला. निर्यात पुन्हा सुरू झाली होती. झोप बरीच सुधारली होती, साडेदहाचा गोळा अधूनमधून यायचा. बोलणं संपताना त्या म्हणाल्या, “ताई, एक अडचण आहे. त्या चाळीतल्या मुलीचे वडील आता रेकॉर्डिंग ऐकतात. काल घरच्या फोनवरून त्यांचाच प्रश्न आला. किमान आधारभूत किंमत कांद्याला का नाही, म्हणतात. हे अभ्यासक्रमात नाही, आणि बारा मिनिटांत बसत पण नाही.”

“मग काय करताय?”

“दोन भाग करते,” त्या म्हणाल्या. “पहिला उद्या सकाळी टाकेन, ते बाजाराला निघायच्या आधी.”