कासऱ्यातून कळणारी गाडी

परतवाडा,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय पोट्ट्या,

तुझा मेसेज मिळाला. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि माझा धागा तुटतो, म्हणून कागद घेतला. मित्राची नवी स्पोर्ट्स कार लोणावळ्यापर्यंत चालवून आलास. गाडी बाणासारखी पळाली, आणि उतरल्यावर मात्र आपण काही केलंय असं तुला वाटलंच नाही. आता वीस-पंचवीस वर्षं जुनी गाडी घ्यायचं डोक्यात आहे. खरी मजा जुन्यातच होती हे काकाने लिहून द्यावं आणि तू इसार देऊन मोकळं व्हावं, असा एकूण बेत दिसतो.

अर्धं लिहून देतो. उरलेल्या अर्ध्यासाठी शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, बैलजोड्यांच्या त्या शर्यतीला, तुला खांद्यावर बसवून नेलं होतं, आठवतं का? बंदीच्या आधीची गोष्ट. तू सगळा वेळ बैलांकडे बघत होतास आणि मी जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातांकडे. जोडी सुटली की त्याच्याजवळ कासऱ्याशिवाय काही नसतं. उजवा बैल बिचकणार, हे डोळ्यांना दिसायच्या आत त्याला कासऱ्यातून कळलेलं असतं.

गाडीचा कासरा म्हणजे स्टिअरिंग. वळणावर चाकं वळवलीस की रस्ता त्यांना परत सरळ करू बघतो, आणि तो ओढा हाताला लागतो. वेग वाढला की ओढा वाढतो. पण टायरची पकड सुटायच्या जरा आधीच हा ओढा कमी होऊ लागतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. आता बस कर, असा तो गाडीचा निरोप असतो. बिनपॉवर स्टिअरिंगच्या हलक्या गाडीत तो थेट तळहातावर येतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमधून थोडा दबून येतो, पण येतो. विजेच्या मोटरवरच्या स्टिअरिंगमध्ये मात्र मधे एक कारकून बसवलेला आहे. कोणता निरोप वर पाठवायचा आणि कोणता फायलीत दाबायचा, हे तो ठरवतो.

पोर्शेने 911 ला विजेचं स्टिअरिंग दिलं ते 2011 साली आलेल्या 991 पिढीत. त्यावर शौकिनांनी केवढा गलका केला! कंपन्यांनी हे आपल्याला छळायला केलेलं नाही. तेलाचा पंप इंजिनावर सतत फिरत राहतो आणि पेट्रोल खातो, मोटर लागेल तेवढीच चालते. शिवाय गाडी आपोआप पार्क करणं, लेन सोडली की हळूच आत ओढणं, हे मोटरीमुळे सोपं झालं. पुढे हे कारकूनही बरेच सुधारले. काही तर आता निरोप बऱ्यापैकी प्रामाणिकपणे पोचवतात.

पण माझ्या हिशेबात स्टिअरिंगपेक्षा वजन मोठं. बीएमडब्ल्यूची पहिली एम5 1985 साली आली, सुमारे 1400 किलोंची. 2024 ची एम5 बॅटरी धरून 2400 च्या वर आहे. मधल्या फरकात माझदाची 1989 ची पहिली एमएक्स-5 अख्खी मावते! ती हजार किलोंच्या आतली, 1.6 लिटरची, तिची ताकद आजच्या घरगुती गाड्यांना लाजवणारी मुळीच नाही. तरी जगभर लोक तिच्यावर जीव टाकतात, कारण ती साठच्या वेगात तुला कामाला लावते. उलट पोर्शेची केमन जीटी4 घे. गाडी उत्तम, गिअर हाताने टाकायचे, पण एकटा दुसरा गिअरच 130 च्या पुढे जातो. आता मला सांग, धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला चढताना तू ती कुठे ताणणार आहेस? तिला जाग येईपर्यंत तू दरीत किंवा पोलीस ठाण्यात. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे, आणि असल्या गाडीला 120 म्हणजे जेवणानंतरची वामकुक्षी. तुला लोणावळ्याला जे झालं ते हेच. गाडी आळशी नव्हती, तिच्या लायकीचा रस्ताच तुझ्याकडे नव्हता.

हे झालं लिहून दिलेलं अर्धं.

आता ऐक. साल बघून मजा मोजू नकोस. 2015 साली एमएक्स-5 ची चौथी पिढी आली, ती आधीच्या पिढीपेक्षा हलकी करूनच. टोयोटाची आत्ताची जीआर86 घे: टर्बो नाही, हाताचे गिअर, मागची चाकं ओढणारी, वजन तेराशेच्या आत. नव्याच आहेत की दोन्ही. आणि जुनं म्हणशील तर आपल्या गल्लीतली ती जीप आठव. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नाही. तिला कोणी ‘जिवंत’ म्हणालं तर मी त्याला तिचा झिजलेला बॉल जॉइंट दाखवतो. जुन्या गाडीच्या गुणगानात निम्मं कौतुक झिजलेल्या बुशांचं, म्हणजे सांध्यांतल्या रबरांचं असतं, आणि उरलेल्यात बराचसा वाटा आपण तेव्हा बावीस वर्षांचे होतो याचा.

मुंबईच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्या एकोणीस वर्षं उघडल्या-बसवल्या, ती हौस फिटली असं म्हणवत नाही. एका पावसाळी सकाळी गिऱ्हाइकाची दोन सीटची जुनी गाडी ट्रायलला काढली होती. वळण जरा जोरात घेतलं, घाबरलो आणि मधेच ॲक्सिलरेटर सोडला. वजन पुढे सरकलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडी स्वतःभोवती फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे पत्र लिहितोय. चूक माझ्या पायाची. पण तीच चूक आजच्या गाडीत केली असती, तर तिने एका चाकाला परस्पर ब्रेक लावून मला सावरलं असतं आणि मला कदाचित कळलंही नसतं. तुला नव्या गाडीत ‘आपण काही केलं नाही’ असं वाटलं ना? त्यात असली सावरासावर किती होती, तुला काय माहीत.

माझे बाबा एसटीवर ड्रायव्हर होते. डबल क्लच करून, म्हणजे एका बदलाला क्लच दोनदा दाबून, गिअर असा टाकायचे की मागच्या सीटवरच्या म्हातारीची झोप मोडत नसे. ते म्हणायचे, ‘‘गाडी पयले कमरेले समजते, मंग डोक्याले.’’ हे कमरेचं शिक्षण नव्या गाडीत होतच नाही असं नाही, पण फार उशिरा आणि फार वेगात होतं. गंमत म्हणजे हे कंपन्यांनाही कळलंय. ह्युंदाईची 2023 ची आयोनिक 5 एन ही विजेची गाडी, तिला गिअर बदलायचे नाहीतच. तरी तिच्यात खोटे गिअर घातलेत, प्रत्येक बदलाला झटका बसतो, इंजिनाचा आवाजही स्पीकरमधून येतो. आधी मी हसलो. मग वाटलं, ज्यांनी हे बनवलं त्यांना नेमकं काय हरवलंय ते ठाऊक आहे.

आता व्यवहाराचं. पगार सुरू होऊन दीड वर्ष झालंय तुला. जुनी स्पोर्ट्स कार ही एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नकोस, हे मी मित्र म्हणून नाही, मिस्त्री म्हणून सांगतोय. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणजे आरटीओत तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची पॅकिंगं लवकर उतरतात, ती आधी बदलावी लागतात. पत्रा बाहेरून चकचकीत असेल तर नखाने नाही, चुंबकाने बघ. पुट्टीवर चुंबक धरत नाही. दाराखालची पट्टी आणि डिकीतलं मॅटिंग उचलून गंज बघितल्याशिवाय पैशाचा विषय काढायचा नाही.

आणि गावी येशील तेव्हा रात्री ती चालवायची नाही. कापसाच्या दिवसांत बिनालाइटची ट्रॉली रस्त्यात उभी असते आणि तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, कधी उडी घेईल सांगता येत नाही. तेव्हा एबीएस आणि एअरबॅग असलेली नवी गाडी मला कितीही कंटाळवाणी चालेल.

दिवाळीला येतोस ना? शेडमध्ये एक जुनी झेन आणून ठेवलीय, कार्बोरेटरवाली. स्पोर्ट्स कार नाही, ओढ पुढच्या चाकांची, पण साडेसातशे किलोंच्या आसपास वजन, बिनपॉवर स्टिअरिंग आणि 993 सीसीचं इंजिन, जे वर चढायला कुरकुरत नाही. कापसाच्या जिनिंग मिलचा हंगाम अजून भरात आलेला नसेल, मालकाला विचारून आवार एका सकाळपुरतं मागून घेतलंय. फरशीवर पाणी मारू, मधे एक डबा ठेवू. त्याच्याभोवती तू तीसच्या वेगाने फिरायचं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. स्टिअरिंग कोणत्या क्षणी हलकं पडतं ते हाताने ओळखून मला ओरडून सांगायचं. मी बाहेरून पुढची चाकं बघत उभा राहीन. तुझं ओरडणं आणि चाकांचं घसरणं, यात आधी काय होतं ते बघू. मग इसाराचं बोलू.

येताना पुण्याहून झेनची डिस्ट्रिब्युटर कॅप आण. इथे मिळतेय ती डुप्लिकेट आहे आणि सकाळच्या दवात मिसफायर करते. जुनी कॅप दुकानात दाखवायला लागेल, ती तुझ्या मामाबरोबर पाठवतोय.

तुझा,
गॅरेजवाला काका