उंचावर ताकद कमी, मग ॲव्हरेज जास्त कसे?

प्रश्न : अलीकडे सुमारे 3000 मीटर उंचीवरच्या पठारी भागात आठवडाभर पेट्रोलवरची गाडी चालवली. चढावर ती ओढत नव्हती, ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नव्हता. सपाट रस्त्यावर ॲव्हरेज मात्र नेहमीपेक्षा चांगले पडले. इंजिनात बिघाड आहे का?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून बिघाडाची शंका येत नाही, दोन्ही गोष्टी विरळ हवेमुळेच घडल्या आहेत. उंचावरही हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे 21 टक्केच असते, पण 3000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट उरते. पिस्टन खाली येताना सिलिंडर हवेने पूर्वीसारखाच भरतो, मात्र त्या हवेचे वजन कमी असते आणि म्हणून तिच्यात जळू शकणारे पेट्रोलही कमी असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर 1000 मीटरला ढोबळमानाने 10 टक्क्यांनी घटते. टर्बो असल्यास तो हवा दाबून आत भरतो, त्यामुळे ही घट बरीच भरून निघते.

ही घट ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर जाणवते, हे मात्र नीट ध्यानात घ्यावे. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने जाताना इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्साच लागतो. अशा वेळी सखल भागात थ्रॉटलची झडप बरीचशी मिटलेली असते, आणि तिच्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यात इंजिनाची काही शक्ती वाया जाते. उंचावर तेवढ्याच कामासाठी झडप अधिक उघडावी लागते, त्यामुळे तो अपव्यय कमी होतो. शिवाय विरळ हवा गाडीला समोरून विरोधही कमी करते. ॲव्हरेज वाढले ते यामुळे. चढावर खालच्या गिअरमध्ये, वाढलेल्या आरपीएमवर जे पेट्रोल जळते ते वेगळे मोजावे, अन्यथा हिशेब फसवा ठरेल.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला हा फायदा सहसा मिळत नाही. हवा विरळ झाली तरी जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, येणारे पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रण गडद होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, आणि प्लग काढून पाहिला तर त्याच्या टोकावर कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी दिसते. अशा गाडीला उंचावर दीर्घकाळ वापरासाठी लहान जेट बसवतात. पण खाली परतल्यावर मूळचा जेट आठवणीने बसवायलाच हवा, कारण तिथे पातळ, म्हणजे पेट्रोल कमी पडलेल्या मिश्रणाने इंजिन तापून पिस्टनला इजा होऊ शकते. इंजेक्शनच्या गाडीत हवेचा दाब किंवा वस्तुमान मोजणारा सेन्सर हे काम आपोआप करतो.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर बाहेरची हवा आणि आतली निर्वात पोकळी यांच्या दाबांतील फरकावर चालतो, आणि उंचावर हा फरकच कमी होतो. पेडल नेहमीपेक्षा जड लागते, जास्त जोर द्यावा लागतो. म्हणून लांब उतारावर सुरुवातीलाच खालचा गिअर टाकून वेग इंजिनावर धरावा आणि ब्रेक राखून ठेवावेत.