उजनीतली जुनी बोट, नवीन इंजिन आणि पाच लाखांची एफडी

सर, नमस्कार. तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटाच बसून इतका मोठ्यानं हसत होतो की बायको आतून बघायला आली, मग तिलाही सगळं वाचून दाखवलं, तीही हसली, आणि शेवटी तुमच्या घरच्या काकूंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचं आलं तेव्हा दोघंही गप्प झालो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतोय, लांबलं तर समजून घ्या.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सर सोलापुरात हायस्कूलला होते, रिटायर झालेत, वय 62, पेन्शन 38 हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही, सीनियर सिटिझन स्कीममध्ये 12 लाख आणि बँकेत 5 लाखांची एफडी. दीड वर्षापूर्वी दसऱ्याच्या तोंडावर तिघा मित्रांनी मिळून उजनी धरणाच्या बॅकवॉटरला एक जुनी फायबरची बोट घेतली, इंजिनासकट 2 लाख 10 हजाराला. इंजिन टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायचं, आणि ते आता कायमचं बसलंय. नवीन फोर-स्ट्रोक इंजिन, तळाचं फायबरचं काम, सहा लाइफ जॅकेट असं सगळं धरून 3 लाख 40 हजाराचं कोटेशन आलंय. सरांचा प्रश्न असा की एफडी मोडून हे करू का, आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या लोकांना फिरवून पैसे वसूल करू का. दुसऱ्या बाजूला एक मासे धरणारा माणूस आहे त्या स्थितीत बोटीचे 65 हजार द्यायला तयार आहे.

सर, माझं उत्तर आधीच सांगतो. एफडी मोडू नका, इंजिन घेऊ नका, 65 हजार घ्या. पण हे नुसतं सांगून तुम्हाला पटणार नाही हे मला माहितीये, कारण तुमचा जीव त्या बोटीत अडकलाय आणि तो का अडकलाय ते मला तुमच्या पत्रातनं कळलं.

पहिल्या दिवशी तुम्ही बोटीची पूजा केली, हार घातला आणि पुढच्या टोकावर नारळ फोडला. नारळ फुटला आणि त्याच्याबरोबर वरचा फायबरचा थरपण फुटला, आणि आत बघता तर जुन्या मालकानं तिथं नुसती लांबी (पुटी) भरून रंग मारलेला. तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणाले शुभशकुन झाला. मला विचाराल तर खरंच झाला होता, त्या नारळानं बोटीची खरी तब्येत पहिल्याच दिवशी दाखवली. त्याच दिवशी एखाद्या फायबरवाल्याला बोलवून सगळा तळ ठोकून बघितला असता, जिथं पोकळ आवाज येतो तिथं थर सुटलेला असतो, तर पुढचं बरंचसं टळलं असतं. जुनी गाडी घेताना आपण मेकॅनिक नेतो, जुनी बोट घेताना तिघांपैकी कुणीच कुणाला नेलं नाही.

मग डिसेंबरातली ती फेरी. कुगावच्या बाजूनं निघालात, मधोमध इंजिन बंद, तिघांनी आळीपाळीनं दोरी ओढली, चाळीसपर्यंत मोजलं आणि मग मोजायचं सोडून दिलं, आणि वाऱ्यानं बोट हळूहळू पलीकडं पुणे जिल्ह्यात नेऊन लावली. गाडी ह्या काठाला, चपला ह्या काठाला, मोबाइल गाडीत. सोबत काय तर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. ती भाकरी तुम्ही तिघांनी पलीकडच्या काठावर अनवाणी बसून खाल्ली आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली भाकरी होती असं लिहिलंय, ते वाक्य मी परत परत वाचलं. नंतर दुधाच्या टेम्पोतनं वळसा घालून रात्री साडेअकराला गाडीपाशी पोचलात.

ह्याचं कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे. कार्बोरेटरची वाटी उघडून धरलीय आणि तिच्या तळाशी पेट्रोलखाली पाण्याचे गोल गोल थेंब दिसतायत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि टाकी अर्धवट भरून दोन-तीन महिने पाण्याकाठी ठेवली की पाणी वेगळं होऊन खाली बसतं आणि बरोबर तेच आधी इंजिनात जातं. ज्या बोटी रोज चालतात त्यांना हा त्रास कमी, कारण पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही. महिन्यातनं एकदा चालणाऱ्या बोटीला नवीन इंजिन बसवलं तरी हे दुखणं राहणारच, हे मुद्दाम सांगतोय कारण कोटेशन देणारा हे सांगणार नाही.

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपल्यावर तुम्ही शीड लावलंत. पेट्रोलच नको, वारा फुकटचाय, हा विचार चांगला होता. आपल्याकडं कापडाला काय तोटा, ओळखीच्या कारखान्यातनं जाड सुती कापड आणलं, गादीवाल्याकडनं शिवून घेतलं, बांबूची डोलकाठी केली. जाताना बोट झकास गेली. येताना यायलाच तयार नाही, नुसती आडवी सरकायची. सर, त्यात तुमची चूक काहीच नव्हती. शिडाच्या होडीला पाण्याखाली उभी फळी लागते, ती पाण्यात आडवं सरकणं अडवते आणि मग होडी तिरकी तिरकी करत वाऱ्याच्या उलट चढते. सपाट तळाच्या बोटीला ती नाही, म्हणून ती वारा नेईल तिकडंच जाणार. आणि सुती कापड वाऱ्याच्या ओढीनं ताणतं, पोट सुटल्यासारखं लोंबतं, म्हणून आताची शिडं पॉलिस्टरची असतात. शेवटी एका मासेवाल्यानं तुम्हाला ओढून आणलं आणि पैसे घेतले नाहीत. तोच माणूस आज 65 हजार देतोय हे पण लक्षात घ्या.

उन्हाळ्यात पाणी गेलं. उजनी भरलं की 117 टीएमसीच्या आसपास, पण त्यातलं जवळपास 63 टीएमसी मृतसाठा, आणि बहुतेक उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे त्या मृतसाठ्याच्याही खाली, जातं हे आपण पेपरात वाचतोच. पेपरात वाचणं वेगळं आणि आपली बोट पाण्यापासून चारशे मीटरवर भेगाळलेल्या गाळात बसलेली बघणं वेगळं. ट्रॅक्टर बोलवला, ट्रॅक्टर गाळात रुतला, मग ट्रॅक्टर काढायला जेसीबी. तिसरे मित्र त्या दिवशी घरी गेले ते परत आलेच नाहीत, त्यांचा हिस्सा तुम्ही 50 हजाराला घेतलात. मग ऑगस्टमध्ये सोलापुरात पावसाचा थेंब नाही, पण पुण्याकडच्या धरणांतनं पाणी सोडलं आणि बॅकवॉटर रात्रीत चढलं. बोट बाभळीच्या बुंध्याला आखूड दोरीनं बांधलेली. पाणी वर आलं, दोरी वर येईना, बोटीचं टोक खाली आणि मागचा भाग इंजिनासकट वर, सकाळी राखणदारानं फोन करून सांगितलं की सर तुमची बोट डोकं पाण्यात घालून उभी आहे. आम्ही दोघं इथंच सगळ्यात जास्त हसलो. पण पुढच्या टोकाचा जोड सुटलाय तो त्याच रात्री.

आता हिशोब. हौसेला मोल नाही म्हणतात, पण तुम्ही वहीत पै पै लिहून ठेवलंय त्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक, असे क्लायंट मला फार कमी मिळतात. विकत घेताना तुमचे 70 हजार, मित्राच्या हिश्श्याचे 50, झाले 1 लाख 20 हजार. त्यानंतर तुमच्या एकट्याच्या खिशातनं 19 महिन्यांत फायबरचं काम 18 हजार, इंजिनाची दुरुस्ती 41 हजार, शीड आणि काठी साडेसोळा, ट्रॅक्टर-जेसीबी 14 हजार, राखणदार महिना दीड हजारानं साडेअठ्ठावीस, आणि पेट्रोल व गाडीची ये-जा 37 हजार. टोटल 1 लाख 55 हजार. दोन्ही मिळून 2 लाख 75 हजार. एवढ्यात बोट पाण्यावर गेली तेरा वेळा, आणि स्वतःच्या बळावर परत आली पाच वेळा. म्हणजे एका फेरीला 21 हजार आणि धड झालेल्या एका फेरीला 55 हजार. खरेदी बाजूला ठेवली तरी महिन्याला आठ हजाराच्या वर जातायत, पेन्शनच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

माझे वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर त्यांनी चार जुने माग घेतले. दर महिन्याला एखादा माग बंद, आणि दर वेळी घरात एकच वाक्य, एवढा खर्च केलाच आहे तर अजून थोडा. आईनं एकदा शांतपणे विचारलं की हे माग आज नसते तर आज एवढ्या पैशात हेच विकत घेतले असते का. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या आठवड्यात दोन माग विकले. तोच प्रश्न तुम्हाला विचारतो. आज तुमच्याकडं बोट नाही आणि कुणी म्हणालं की जोड सुटलेली बोट आणि नवीन इंजिन मिळून 4 लाख 5 हजाराला घ्या (65 हजार बोटीचे आणि 3 लाख 40 हजार कोटेशनचे), तर घ्याल? गेलेले 2 लाख 75 हजार दोन्हीकडं गेलेलेच आहेत, इंजिन घेतल्यानं ते परत येत नाहीत.

तुम्ही म्हणाल इंजिन कमवून देईल. तुमचा हिशोब आहे आठ माणसं, चार फेऱ्या, 300 रुपये, शंभर दिवस, म्हणजे 9 लाख 60 हजार. सर, हा कागदावरचा आकडा आहे. गर्दी शनिवार-रविवारची, डिसेंबर ते मार्च धरलं तर चौतीस दिवस. सहा माणसं, तीन फेऱ्या, सगळं फुल्ल गेलं तर 1 लाख 83 हजार, निम्मं गेलं तर 92 हजाराच्या आत. त्यातनं चालवणाऱ्याला दिवसाला हजार म्हणजे 34 हजार, पेट्रोल दिवसाला 800 धरलं तर 27 हजार, राखणदाराचे वर्षाचे 18 हजार. उरले साडेबारा हजार, आणि अजून विमा, दुरुस्ती, तुमचं सोलापूरहून जाणं-येणं धरलंच नाही, टेंभुर्णीपर्यंतच नव्वदेक किलोमीटर आहे. शिवाय फ्लेमिंगो उभे राहतात गुडघाभर पाण्यात, तिथं इंजिनाचा पंखा चिखलात अडकतो आणि आवाजानं पक्षी उडून जातात. भिगवण, कुंभारगावचे होडीवाले बांबूनं ढकलत जवळ नेतात, ते त्यांचं पोटापाण्याचं काम आहे आणि ते त्यात मुरलेले आहेत.

आणि एक गोष्ट मला हसत सांगता येत नाही. 2024 च्या मे महिन्यात, 21 तारखेला, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तुम्ही त्याच पाण्यावर आहात. उन्हाळ्यातलं दुपारनंतरचं वारं कसं अचानक उठतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पैसे घेऊन माणसं बसवली की 2021 च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टखाली इंजिनाच्या बोटीला नोंदणी, सर्व्हे आणि विमा लागतो, आणि धरणाचं पाणी जलसंपदा खात्याचं, त्यांची परवानगी वेगळी. ह्यातलं काही नसताना एखादा अपघात झाला तर घर आणि पेन्शन दोन्ही पणाला. ह्या एका कारणासाठी मी तुम्हाला इंजिन फुकट मिळालं तरी नको म्हणालो असतो.

आता काकूंचे गुडघे. डॉक्टरांनी वर्ष-दोन वर्षांत ऑपरेशन सांगितलंय आणि तुमची हेल्थ पॉलिसी गेल्या वर्षीची आहे. गुडघे बदलायला बहुतेक पॉलिसीत दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, कागद काढून नेमका किती ते आजच बघा. तोपर्यंत ती एफडी म्हणजेच काकूंचं ऑपरेशन, तिला हात लावायचा नाही. मुदतीआधी मोडली तर व्याजातनं साधारण अर्धा ते एक टक्का कापतात ते वेगळंच. पाच लाखांची एकच पावती असेल तर मुदत संपल्यावर दोन लाख, दोन लाख, एक लाख अशा तीन करा, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येईल. सीनियर सिटिझन स्कीमला सध्या 8.2 टक्के व्याज आहे, ते 12 लाख तिथंच राहू द्या, तिमाहीला 24,600 येतात ते घरखर्चाला.

65 हजारातले दोन हिस्से तुमचे, 43 हजार 300 च्या आसपास. पावसाळ्याच्या आत व्यवहार करा, पाणी चढायला लागलं की जोड सुटलेल्या बोटीला तो माणूस हा भाव देणार नाही. पैसे बचत खात्यात वेगळे ठेवा आणि पेन्शनमधनं महिना अडीच हजार फक्त पाण्यासाठी काढा, वर्षाचे तीस हजार. एवढ्यात महिन्यातनं एक सकाळ कुणाचीतरी चालती होडी भाड्यानं घेऊन आरामात होते, चालवणारा माणूस तिच्यासोबत येतो आणि राखणदार नाही, जेसीबी नाही. उजनी तुमच्याकडनं काढून घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. रिटायर झाल्यावर ज्याला घराबाहेर पडायला इतकं चांगलं कारण मिळालंय त्यानं ते सोडू नये असं मला फार वाटतं. काकूंनाही एकदा न्या, पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं ते काठावरनंच बघता येतं, गुडघ्यांना त्रास नाही.

बोट विकायची हे दुसऱ्या मित्रांना तुम्हीच सांगा, त्यांचाही एक हिस्सा आहे आणि पत्रावरनं वाटतं की ते तुमच्याच तोंडून ऐकायची वाट बघतायत. बोटीबरोबर दोरी, नांगर, टाकी सगळं देऊन टाका. फक्त तुमच्याकडची ती दोन चांगली लाइफ जॅकेट देऊ नका, ती घरी आणा, वाळवून माळ्यावर ठेवा, आणि भाड्याच्या होडीत बसतानाही घाला.