सीटी नॉर्मल आहे, तरी भाऊ शुद्धीवर का येत नाही?

घोडबंदर रोडला बाईकवरून पडलेला तुमचा भाऊ आठ दिवस आयसीयूत बेशुद्ध आहे, सीटीत ‘फारसं काही नाही’, आणि आता एमआरआय सांगितलाय. सीटी चुकला का, आणि एमआरआयवरून तो बरा होईल का ते कळेल का, असं तुम्ही विचारताय. मी ठाण्यातच एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, एवढं धरून वाचा.

सीटी चुकला नसावा. ऑपरेशन लागेल असं रक्त साचलंय का, कवटीला फ्रॅक्चर आहे का, मेंदू एका बाजूला सरकलाय का, हे तो काही मिनिटांत सांगतो. पण डोक्याला जोरात हिसका बसला की आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. रिपोर्टात याला डीएआय लिहितात, आणि यात सीटी जवळजवळ स्वच्छ येऊ शकतो. एमआरआयच्या एसडब्ल्यूआय सिक्वेन्सवर (रक्ताचे बारीक अंश टिपणारा खास स्कॅन) मात्र मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात. ते बारीक रक्तस्रावाचे.

ठिपके कुठे आहेत ते बघायचं. डीएआयची ग्रेड 3 म्हणजे ब्रेनस्टेमपर्यंत, मेंदूच्या देठापर्यंत मार. तिथे दोन्ही बाजूंना असेल तर काळजी जास्त, तरी तो शब्द वाचून हातपाय गाळू नका. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय अभ्यासात, जबर मार लागून दोन आठवड्यांनी व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये (डोळे उघडतात, पण भान नसतं) असलेल्यांपैकी 78 टक्के रुग्ण वर्षभरात शुद्धीवर आले. स्थळकाळाचं भान आलेले मात्र 25 टक्केच, हेही ऐकून ठेवा.

‘उठेल ना हो?’ असं नातेवाईक मलाही विचारतात. नुसत्या फिल्मवरून ते कोणी सांगू नये. डॉक्टर वय, उजेडाला बाहुल्या आकसतात का आणि जीसीएसमधला (शुद्ध किती आहे ते मोजणारा स्कोअर) ‘एम’, म्हणजे हालचालीचे सहापैकी मार्क, हे सगळं एकत्र धरतात. राउंडला ‘जीसीएस किती?’ एवढ्यावर थांबू नका, ‘एम किती, कालपेक्षा वाढला का?’ असं विचारा. घशात नळी असली की बोलण्याचे मार्क मोजताच येत नाहीत, त्यामुळे एकूण आकडा फसवतो.

एमआरआयला नेण्याआधी ताईत, करगोटा, मनगटातलं कडं काढून ठेवा. पूर्वी कधी रॉड-प्लेट बसवली असेल तर आधीच सांगा. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. उद्या केईएमला सेकंड ओपिनियन घ्यायचं ठरलं तर तीच उपयोगी पडते.