वाचक विचारतात : बारच्या कोपऱ्यातला मॉर्न

अंतराळ स्थानकावर घडणाऱ्या 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'मधला परग्रहवासी मॉर्न संपूर्ण मालिकेत एकदाही बोलत नाही, हे खरं का? मग बाकीची पात्रं त्याला बडबड्या का म्हणतात?

खरं आहे. 1993 ते 1999 अशी सात सिझन मालिका चालली. मॉर्न पहिल्या भागापासून स्थानकावरच्या क्वार्क नावाच्या मालकाच्या बारमध्ये बसलेला दिसतो, पण त्याच्या तोंडून एक शब्दही ऐकू येत नाही. बाकीचे मात्र त्याच्याबद्दल 'एकदा सुरू झाला की थांबत नाही' अशा सुरात बोलतात. सगळी गंमत या विसंगतीत आहे आणि लेखकांनी ती कसोशीने सांभाळली. मॉर्न बोलायला तोंड उघडतो तेवढ्यात कुणीतरी मध्ये बोलतं, नाहीतर दृश्य संपतं. त्याचं बोलणं कायम आपल्या नजरेआड झालेलं असतं.

'चीअर्स' या विनोदी मालिकेत बारला चिकटून बसणारा नॉर्म होता. त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून मॉर्न हे नाव बेतलं. नॉर्म मात्र भरपूर बोलायचा.

अमेरिकेत एक व्यावहारिक बाबही असते. पार्श्वभूमीला बसलेल्या कलाकाराला संवाद दिला, की कलाकारांच्या संघटनेच्या करारानुसार त्याची वर्गवारी बदलते आणि मानधन वाढतं. अशा पात्रांना सहसा गप्प ठेवतात ते त्यामुळे. पण निव्वळ काटकसर असती, तर त्याच्या बडबडीवर इतके विनोद रचायची गरज नव्हती.

सगळे भाग बघायला वेळ नाही. मॉर्नसाठी नेमके कोणते बघावेत?

दोन पुरेत, दोन्ही सहाव्या सिझनमधले. आधी 'फेवर द बोल्ड' (1997) बघा. स्थानक शत्रूच्या ताब्यात असताना एक गुप्त निरोप बाहेर पोचवायचा असतो आणि तो मॉर्नकरवी जातो. आईच्या वाढदिवसाला घरी निघालेल्या या गिऱ्हाईकावर कुणाला संशय येणार? त्याच्या निरुपद्रवी असण्याचा कथेत खराखुरा उपयोग झाला तो इथे.

मग 'हू मोर्न्स फॉर मॉर्न?' (1998). हा भाग पूर्णपणे त्याच्यावर बेतलेला आहे आणि त्यात तो स्वतः मोजून काही मिनिटं दिसतो. फावल्या वेळात 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉएजर' या मालिकेचा पहिला भाग 'केअरटेकर' (1995) लावलात, तर क्वार्कच्या बारमध्ये तो ओझरता दिसेल.

'हू मोर्न्स फॉर मॉर्न?'चा शेवट कळला नाही. सोन्याच्या विटा हाती लागूनही क्वार्क का चिडतो?

त्या विश्वात सोन्याला किंमत नाही. किंमत आहे ती लॅटिनम या द्रव पदार्थाला. तो हाताळता यावा म्हणून सोन्याच्या विटेत भरतात. मॉर्नने साथीदारांसह एक मोठा दरोडा घातलेला असतो आणि खटला भरण्याची मुदत टळेपर्यंत माल दडवायचा असतो. मुदत टळते आणि मॉर्न मेल्याची बातमी येते. सगळी मालमत्ता क्वार्कच्या नावावर, त्यामुळे जुने साथीदार त्याच्या मागे लागतात. शेवटी विटा सापडतात, पण आत नुसतं सोनं. लॅटिनम मॉर्नने आधीच काढून घेऊन स्वतःच्या दुसऱ्या पोटात साठवलेलं असतं. केस गळाले ते त्यामुळेच. शेवटी तो जिवंत परततो आणि क्वार्कच्या वाट्याचं थोडं पेल्यात ओकून देतो.

या भागाच्या सुरुवातीचा होलोग्रामही (प्रकाशाने उभी केलेली प्रतिमा) लक्षात ठेवा. मॉर्न बाहेरगावी गेला की बारचा धंदा बसू नये म्हणून क्वार्क त्याच्या जागी चक्क त्याची प्रतिमा बसवतो. एका शब्दाचाही संवाद न देता पात्राचं वजन दाखवायचं, तर ते असं.

आमच्या हौशी नाट्यगटाला मॉर्नसारखा पूर्ण डोक्याचा मुखवटा करायचा आहे. लॅटेक्सचा (द्रव रबराचा) जमेल का? आधीचा एक मुखवटा कागदासारखा पातळ निघाला आणि रंगही तडकला.

जमेल. मालिकेत रंगभूषेचा विभाग मायकल वेस्टमोर सांभाळत होते. त्या तोडीचं काम घरी होणार नाही, पण रंगमंचावरच्या अंतराला साध्या पद्धतीने केलेला मुखवटा छान दिसतो.

नटाच्या डोक्याच्या मापाच्या ठोकळ्यावर तेलमिश्रित मातीत चेहरा घडवा. त्यावरून प्लास्टरचा दोन अर्ध्या भागांचा साचा काढायचा आहे. लॅटेक्स वाळताना साधारण पाच ते दहा टक्के आकसतं, म्हणून सगळं थोडं मोठं ठेवा. लोंबते गाल आणि हनुवटीखालच्या वळ्या फार खोल कोरू नका. प्लास्टर त्यात अडकतं आणि साचा उघडताना कडा तुटतात. साच्याच्या दोन भागांमधला सांधा कानांमागून डोक्यावरून न्या, म्हणजे चेहऱ्यावर शिवण येत नाही.

प्लास्टरचा पहिला थर पातळ कालवून ब्रशने लावा, नाहीतर सुरकुत्यांत बुडबुडे राहतात. मग तागाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून दोन ते तीन सेंटीमीटर जाडी करा. दोन अर्ध्या भागांच्या सांध्याला पेट्रोलियम जेली लावा, आतल्या बाजूला मात्र अजिबात नको. पातळ मुखवट्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात : आत लागलेली जेली किंवा ओला साचा. प्लास्टर लॅटेक्समधलं पाणी शोषून घेतं, म्हणून तर साल धरते. साचा धुऊन काही दिवस पुरता वाळू द्या.

सांधा घट्ट बांधा, लॅटेक्स काठोकाठ ओता आणि पातळी खाली जाईल तशी भर घाला. तीस ते पंचेचाळीस मिनिटांनी ओतून काढा. त्यातलं बहुतेक परत डब्यात येतं. लगेच साचा उपडा ठेवू नका, आधी फिरवत राहा. नाहीतर नाकात आणि हनुवटीत थारोळं साचून तिथे रबराचा गोळा होतो. एक-दोन दिवस वाळल्यावर आत टाल्कम पावडर भुरभुरवून मगच सोलून काढा. पावडर नसेल तर लॅटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि ते सुटत नाही. अमोनियाचा वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा.

रंग तडकला तो नुसता ॲक्रिलिक वापरल्यामुळे. ॲक्रिलिक रंगात जवळपास तेवढंच पातळ लॅटेक्स मिसळा, म्हणजे तो रबराबरोबर ताणला जातो. एकाच रंगाचा पट्टा नको. आधी गडद थर वळ्यांत जिरवा, मग उंच भागांवर कोरड्या ब्रशने फिकट रंग ओढा.

राहिले डोळे. मॉर्नला संवाद नाहीत, त्यामुळे सगळा अभिनय डोळ्यांचा. मुखवट्याची भोकं आणि नटाची त्वचा यांत फट दिसली की सगळं फसतं. भोकं मुखवटा नटाच्या डोक्यावर चढवूनच आखा आणि आतली त्वचा त्याच रंगाने रंगवा. तोंडाभोवतीचा भाग पातळ ठेवा आणि त्वचेला चालणाऱ्या गोंदाने हनुवटी चिकटवा, म्हणजे जबडा हलला की मुखवटाही हलतो. हे सगळं करण्याआधी नटाच्या हातावर लॅटेक्सचा ठिपका लावून बघा. ॲलर्जी असेल तर हा मार्ग सोडाच.

मॉर्न करणारा नट मुखवट्याविना कुठे दिसतो का?

दिसतो, आणि तोही मिश्कील जागी. 'हू मोर्न्स फॉर मॉर्न?'मध्ये दिवंगत मॉर्नची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून क्वार्क गर्दीतल्या एका बाजोरन (मालिकेतल्या बाजोर ग्रहावरच्या) माणसाला तिथे बसवतो. तो माणूस म्हणजे मार्क ॲलन शेफर्ड, मॉर्न करणारा नटच.